टर्बोशिवाय ताकद हवी, तर पैसा इंजिनाच्या हेडमध्ये घाल

पत्र: नमस्कार काका. मी भुसावळचा, वय २६. पप्पांनी २००४ साली घेतलेली मारुती एस्टीम आता मी चालवतो. रोज जळगावच्या एमआयडीसीत कामाला तिच्यावरच जातो, अधूनमधून आई-पप्पांना घेऊन धुळ्याला मामांकडे. इंजिन १.३ लिटर, १६ वॉल्व्हचं. टर्बो मला नकोय. इंजिन स्वतःच्या श्वासावर चालतं तसंच चालू दे, पण ताकद वाढायला हवी. गॅरेजवाले दादा म्हणतात, हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोन मिलिमीटर मारू म्हणजे घासून कमी करू, रेसिंग कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकू, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवू, कोन फिल्टर (उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर) आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लावू, ३० अश्वशक्ती सहज वाढेल. दीड लाख रुपये साठवलेत. सुरुवात कुठून करू?

प्रिय भाऊ,

तू इंजिन चांगलं निवडलं आहेस. जिप्सी किंगमध्ये ह्याच जातीचं इंजिन होतं, आणि आपल्याकडच्या रॅली आणि सर्किट रेसिंगमध्ये एस्टीम कित्येक वर्षं पळाली. त्यामुळे हे इंजिन काय सहन करतं, हे जुन्या मिस्त्री लोकांना चांगलं ठाऊक आहे. पण ३० अश्वशक्तीचा आकडा आधी मनातून काढून टाक. का, ते हिशेबाने सांगतो, म्हणजे पुढे कोणी असा आकडा सांगितला तर तुला स्वतःलाच तपासता येईल.

टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ओढ) न्यूटन-मीटरमध्ये घ्यायचा, त्याला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणायचं आणि ७१२१ ने भागायचं, की अश्वशक्ती मिळते. तुझ्या गाडीची कंपनीची ताकद सुमारे ८५ अश्वशक्ती, ६००० आरपीएमला. उलटा हिशेब केला तर त्या वेगाला टॉर्क साधारण १०० निघतो. आता टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारं कोणी नसतं. पिस्टन खाली जातो आणि बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा शिरेल तेवढीच. त्यामुळे १.३ लिटरच्या इंजिनाचा टॉर्क कितीही कारागिरी केली तरी थोडाच वाढतो. ताकद येते ती दुसऱ्या वाटेने: वरच्या आरपीएमला जो टॉर्क गळून जातो, तो गळू द्यायचा नाही. हेच १०० न्यूटन-मीटर तू ७००० पर्यंत टिकवलेस तर ९८ अश्वशक्ती झाली. दादांचे ११५ गाठायला ७५०० आरपीएमला १०९ न्यूटन-मीटर लागतील. असं इंजिन बांधता येतं, पण ते रेसचं इंजिन असतं. ते दोन-तीन हजार आरपीएमला नीट ओढत नाही, आणि तुझा भुसावळ-जळगाव रस्ता तर त्याच आरपीएमवर जातो.

होंडाने १९८९ मध्ये इंटेग्राच्या १.६ लिटर इंजिनातून १६० अश्वशक्ती काढली, तीही टर्बोशिवाय. १९९९ च्या एस२००० ने तर दोन लिटरमधून २५०. पण ती ८३०० आरपीएमला, आणि त्यासाठी खालच्या वेगाला एक कॅम, वरच्या वेगाला दुसरा, अशी रचना मुळातच हेडमध्ये केलेली होती. जुन्या इंजिनावर वरून सामान लावून ते साधत नाही.

शिवाय आरपीएम वाढवणं फुकट मिळत नाही. तुझा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली जातो ते अंतर, ७५.५ मिलिमीटर. ६००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर, ७००० ला साडेसतरा. वेग सहाव्या हिश्शाने वाढला, पण कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टांवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३६ टक्के. वीस वर्षं चाललेले रॉड-बोल्ट तसेच ठेवून कोणी ७००० फिरवत असेल तर त्याच्या शेजारी बसू नकोस.

म्हणून माझं म्हणणं असं: ९५ ते १०० अश्वशक्तीचं, खालूनही नीट ओढणारं, मे महिन्यात न तापणारं इंजिन बांध. दीड लाखात हेच शहाणपणाचं ध्येय आहे, आणि त्यातला मोठा वाटा सिलिंडर हेडवर आणि लेथवरच्या अचूक कामावर खर्च कर. सामानाच्या डब्यांवर नाही.

पण त्याही आधी, आज ते इंजिन प्रत्यक्षात किती देतं हे बघ. वीस वर्षांच्या इंजिनात ८५ राहिलेले नसतात. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो त्याचं माप) घे. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडे खोटे येतील. चार सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत माप. आकडा वर आला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅसकेट. नुसत्या इंजेक्टर साफसफाईने, नवीन प्लग-वायरींनी, बरोबर टॅपेट क्लिअरन्सने आणि टायमिंग बेल्टचा एक दात चुकला असेल तर तो दुरुस्त करून जी ताकद परत येते, ती अनेकांना "ट्यूनिंग" वाटते. ती तुझीच हरवलेली ताकद असते, आणि सगळ्यात स्वस्त.

आता आपल्या खानदेशातल्या उन्हाचं. हा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण पुण्या-बंगळुरूच्या सल्ल्यात तो नसतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २५ अंशांची हवा ४५ वर गेली की सहा टक्के विरळ होते. बॉनेटखालची हवा ६५ अंशांवर असली तर बारा टक्के. ८५ अश्वशक्तीतले दहा कागदावर तिथेच गेले. आणि दादांचा कोन फिल्टर नेमका कुठे बसणार? बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या झळांत. आवाज भारी येतो, म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते, एवढंच. कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर राहू दे. त्याचं तोंड पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या गरम हवेपासून दूर आण, आणि पाइपाला उष्णतारोधक गुंडाळ. फक्त ते तोंड बंपरखाली खोल नेऊ नकोस. पावसाळ्यात रेल्वे पुलाखाली साचलेलं पाणी एकदा सिलिंडरमध्ये शिरलं की रॉड वाकतो आणि मग ह्या पत्राची गरजच उरत नाही.

कोन फिल्टर नको म्हणण्याचं दुसरं कारण धूळ. नांगरटीच्या दिवसांत काळ्या मातीची बारीक धूळ, हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू. सैल किंवा नीट तेल न लावलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ रिंगा आणि बोअर खाते. नवीन बांधलेलं इंजिन दोन उन्हाळ्यांत धूर सोडायला लागतं आणि दोष मिस्त्रीवर येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, "गाडी थंड राहते" म्हणून. तुझ्या गाडीत हे करू देऊ नकोस. इंजिन पुरेसं तापलं नाही तर इंजिनाचा संगणक थंड समजून जास्त पेट्रोल ओतत राहतो, तेलात पेट्रोल उतरतं, रिंगा धुतल्या जातात. गाडी तापत असेल तर रेडिएटर आतून साफ करून घे, पंख्याचा स्विच तपास, आणि बोअरवेलचं पाणी बंद कर. आपल्या भागातलं जड पाणी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये क्षार धरतं आणि गॅसकेटच्या कडा खातं. तयार कूलंट नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट, दुसरं काही नाही.

आता हेड. पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) मोठे करून घे, असं सांगणारे खूप भेटतील. पोर्ट नुसते मोठे केले की हवेचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो. केळीच्या बागेत ठिबक टाकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: मेन लाइन गरजेपेक्षा जाड घेतली की पाणी आळसावतं. खरी अडचण वॉल्व्ह सीटच्या (वॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याच्या) आतबाहेरच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरात असते. कंपनीच्या ओतकामात सीटखाली धार राहते, हवा तिथे अडखळते. ती धार हळूच मोडायची, पोर्टच्या तळाचं छोटं वळण गोलसर ठेवायचं पण खोल करायचं नाही, मॅनिफोल्ड आणि पोर्ट गॅसकेटच्या मापाला जुळवायचे. आणि सीट तीन कोनांत कापून घ्यायची: ३०, ४५, ६० अंश. सीटवरची बसण्याची पट्टी इनलेटला एक मिलिमीटरच्या आसपास, एक्झॉस्टला थोडी रुंद, कारण एक्झॉस्ट वॉल्व्हची उष्णता त्याच पट्टीतून हेडमध्ये जाते. नवीन वॉल्व्ह गाइड, नवीन सील. हे काम नुसत्या हाताच्या लॅपिंगवर भागवलं तर पैसे वाया. सीट कापायचं चांगलं मशीन कुणाकडे आहे हे आधी शोध, हेड कुरियरने दुसऱ्या शहरात पाठवावं लागलं तरी चालेल. माझ्या मते तुझ्या सगळ्या खर्चातला सर्वांत मोलाचा खर्च हाच आहे.

हेड दोन मिलिमीटर मारायचं म्हणजे काय होतं ते बघ. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ३२४ सीसी. समजा सध्या कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) ९ आहे, तर वरती साधारण ४०.५ सीसी जागा असते. रेशो १० करायला ती ३६ वर आणायची, म्हणजे साडेचार सीसी कमी. ७४ मिलिमीटरच्या बोअरचं क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चेंबरचं तोंड पूर्ण बोअरएवढं धरलं तर एक मिलिमीटर मारून चार-सव्वाचार सीसी जातात. दोन मिलिमीटर मारलं तर रेशो ११ च्या जवळ जातो. शिवाय बेल्टच्या इंजिनात हेड खाली आलं की कॅमचं टायमिंग मागे पडतं, आणि वॉल्व्ह पिस्टनच्या दोन मिलिमीटर जवळ येतात. आणि हे सगळं कशासाठी? ९ वरून १० केल्याने ताकद तीन टक्क्यांच्या आसपास वाढते. तेव्हा अंदाजाने नको. चेंबरवर ॲक्रिलिकची पट्टी ठेवून, ब्युरेटने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ तेल भरून चारही चेंबर मोज. गॅसकेटची जाडी, पिस्टनचं डोकं ब्लॉकच्या किती खाली राहतं, तेही मोज. तुझा आजचा रेशो तुझ्या मापातून काढ, कुणाच्या तोंडून नको. मग साडेनऊ ते दहाच्या मध्ये थांब. फेस सपाट करण्यापुरतं मारलंस तरी त्यातला काही भाग होऊन जाईल.

इथे पेट्रोलचा मुद्दा येतो. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याचा ऑक्टेन (अवेळी न पेटण्याची क्षमता) ९५ च्या आसपास, जुन्या ९१ पेक्षा चांगला, आणि इथेनॉल बाष्प होताना हवा थंड करतं. म्हणजे कॉम्प्रेशन थोडं वाढवायला ते मदतच करतं. पण दोन गोष्टी सांभाळ. एक, शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ह्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन हवं. वरच्या आरपीएमला तुझे वीस वर्षांचे इंजेक्टर आणि पंप ते पुरवतात का, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावूनच कळेल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; नेमकं असेल तर १, इंधन जास्त असेल तर त्याखाली) ०.८६ ते ०.८८ च्या मध्ये राहायला हवा. त्याच्या वर गेला, म्हणजे इंधन कमी पडलं, की पिस्टन वितळण्याकडे वाटचाल. दोन, २००४ च्या गाडीचे रबरी पाइप, ओ-रिंगा इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळे बदल. पेट्रोलचा वास येणाऱ्या गाडीला ताकद देण्यात अर्थ नाही.

कॅम आणि कॉम्प्रेशन एकत्रच ठरवायचे असतात. लांब ड्युरेशनचा (वॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम इनलेट वॉल्व्ह उशिरा बंद करतो, त्यामुळे खालच्या आरपीएमला आत आलेली हवा थोडी परत ढकलली जाते. म्हणून मोठा कॅम आणि कमी कॉम्प्रेशन ही जोडी गाडीला मेल्यासारखी करते. ओव्हरलॅप (इनलेट आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त असला की आयडलिंग लंगडतं, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, हे विसरायचं नाही. आई-पप्पा मागे बसलेले असताना पेडल दगडासारखं झालेलं तुला चालणार नाही. तेव्हा सौम्य कॅम घे, किंवा पहिल्या फेरीत कंपनीचाच ठेव. बदललास तर स्प्रिंगा त्याच्या लिफ्टला (तो वॉल्व्ह जेवढा उचलतो त्याला) जुळणाऱ्या, ॲडजस्टेबल पुली, आणि पिस्टनच्या डोक्यावर खेळण्यातल्या मऊ मातीचा (क्लेचा) गोळा ठेवून हाताने दोन फेऱ्या फिरवून अंतर मोजायचं. इनलेटला दीड मिलिमीटर, एक्झॉस्टला दोन, ह्याच्या आत आलं तर थांब. नवीन कॅम पहिल्यांदा चालू करताना आयडलवर सोडायचा नाही, दोन हजारांच्या आसपास वीस मिनिटं फिरवायचा.

बोअर वाढवणं ताकदीसाठी निरर्थक आहे. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ केलंस तर १२९८ चे १३१६ सीसी होतात. अठरा सीसी! बोअर झिजला असेल तरच कर. तेव्हा मात्र पिस्टन आधी आणून, प्रत्येक पिस्टन मोजून त्याला त्याचा बोअर करून घे, होनिंगच्या तिरक्या रेघा नीट येऊ देत, चारही पिस्टन आणि रॉड वजनाला जुळव, रॉड-बोल्ट आणि बेअरिंग नवीन टाक. हे काम घाईच्या मिस्त्रीकडे देऊ नकोस.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. फायदा मागच्या डब्यात नसतो, मॅनिफोल्डमध्ये असतो. चार पाइप दोनात आणि दोन एकात मिळणारा हेडर रोजच्या गाडीला बरा, कारण त्याची परत येणारी दाबलहर मधल्या आरपीएमला पुढची हवा ओढायला मदत करते. चार थेट एकात मिळणारा वरच्या टोकाला बरा. फार जाड पाइप घालू नकोस. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढू नकोस. पीयूसी द्यावंच लागतं.

हे सगळं झाल्यावर ट्यूनिंग. तुझ्या इंजिनाचा जुना संगणक आजच्यासारखा सहज रिमॅप होत नाही; त्याच्यावर पिगीबॅक (मूळ संगणकाला जोडायचा छोटा संगणक) किंवा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) लावावा लागतो. हेड कंपनीच्या कॅमसह बांधलंस तर मूळ ईसीयूवरही चांगलं चालेल आणि हा खर्च पुढे ढकलता येईल. कॅम बदललास तर पुण्या-मुंबईकडे डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एक दिवस धर. आणि शक्यतो तो दिवस एप्रिल-मेमध्ये धर. डिसेंबरात थंड हवेत बसवलेलं इग्निशन टायमिंग मेच्या दुपारी औट्रम घाटात खडखडायला लागतं. पाचव्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, भरलेल्या गाडीसह चढावर कान देऊन बघ: डब्यात खडे हलल्यासारखा आवाज आला की टायमिंग मागे घे, मग डायनोवरचा आकडा दोन-तीनने उतरला तरी उतरू दे.

दीड लाखातले काही पैसे मी ब्रेकसाठी बाजूला काढायला लावणार आहे. पुढचे चांगले पॅड, मागच्या ड्रमचे शू, नवीन डॉट ४ ऑइल, रबरी होज, आणि चार वर्षांहून जुने असतील तर टायर. गाडी ९०० किलोच्या आतली आहे, हलकी आहे, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. तो सांभाळ. स्पीकरचे डबे, जड अलॉय चाकं, मोठे बंपर हे सगळं तू कमावलेली ताकद खातं.

कायद्याचं स्पष्ट सांगतो, कारण रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण तुला दर पाच वर्षांनी करावंच लागणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. झीज भरून काढणं, सीट कापणं, वजन जुळवणं हे दुरुस्तीचं काम आहे. बोअर वाढवून सीसी बदलणं, आवाज करणारा सायलेन्सर, कॅट काढणं हे त्यात येत नाही. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दावा अडतो, आणि तेव्हा गाडीत तू एकटा असशीलच असं नाही. पुढे कधी खरंच ७५०० चं इंजिन बांधावंसं वाटलं तर ते भारतीय मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या लायसन्सवर, ट्रॅकवरच्या गाडीत बांध. त्यासाठी दुसरी जुनी गाडी बघ. पप्पांच्या गाडीचं आयुष्य त्यात घालवू नकोस.

दादांना हे पत्र दाखव, पण त्यांना कमी लेखून नाही. चांगला मिस्त्री मोजमापाला कधी नाही म्हणत नाही. आणि आता हेड उतरवायच्या आधी मला चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे, कोरडे आणि तेल टाकल्यानंतरचे, लिहून पाठव. सोबत प्लगचे फोटो. हेड उतरलं की चेंबरचं माप पाठव. कॅम घ्यायचा की नाही, ते त्या आकड्यांवरून ठरवू.